धुण्याच्या दगडाची लंका

धुळ्याला देवपुरात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होतो, त्या नानांच्या अंगणात अख्खा भारत देश होता. सिमेंटचा. फाटकातून आत शिरलं की पहिलं पाऊल हिमालय ओलांडून टाकावं लागे. दूधवाला रोज सकाळी सायकल टेकवायला काश्मीरचा आधार घेई आणि रोज नानांची बोलणी खाई.

नाना भूगोलाचे निवृत्त शिक्षक. हा नकाशा त्यांना खरं तर शाळेच्या मैदानात करायचा होता, पण मुख्याध्यापकांनी त्या जागेवर कबड्डी ठेवली. मग निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी गवंडी न लावता, स्वतः थापी हातात घेऊन घरच्या अंगणात देश उभा केला. सह्याद्री जरा ओबडधोबड झाला होता, पण नद्या बरोबर होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी तांब्याभर पाणी ओतलं की तापी मुकाट्यानं सुरतेकडे जायची. पाहुण्यांसमोर ती तशी गेली की नाना आमच्याकडे असे बघायचे, की पाण्यालाही उताराची दिशा त्यांनीच शिकवली असावी.

फक्त लंकेची गोष्ट वेगळी होती. अंगणाच्या टोकाला नळ होता आणि नळाखाली काळा, रुंद धुण्याचा दगड. देश कन्याकुमारीपर्यंत आला तेव्हा सिमेंट संपलं होतं. नानांनी दगडाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि जाहीर केलं की ही लंका. प्रमाणाबाहेर मोठी झाली होती ती, जवळजवळ महाराष्ट्राएवढी. त्यामुळे दर रविवारी मी माझे शर्ट लंकेवर आपटायचो आणि साबणाचा फेस बंगालच्या उपसागरात पसरायचा.

मी मूळचा कोकणातला, सरकारी नोकरीपायी धुळ्यात येऊन पडलेला. जागा बघायला गेलो तेव्हा नानांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही. विचारलं, "समुद्र पाहिलाय?"

म्हटलं, "घरासमोरच आहे."

"पाणी किती खोल?"

"बुडण्यापुरतं आहे."

हे उत्तर त्यांना अशास्त्रीय वाटलं, पण समुद्राकाठचा माणूस घरात असावा म्हणून त्यांनी मला वरची जागा दिली. नानांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. जन्मभर मुलांकडून बंदरं पाठ करून घेतली, पण शाळेची सहल निघाली की ती अजिंठ्याला जायची.

नानांचा खरा शत्रू म्हणजे वळसा. "वळसा घालतो तो देश गरीब राहतो," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. बाजारात जायला रस्ता जरा वळून जायचा, म्हणून ते सरळ लोकांच्या परसातून जात. वाळत घातलेल्या कुरडया ओलांडत, बांधलेल्या म्हशीला बाजूला सारत. अर्ध्या देवपूरची नानांशी ओळख मागच्या दारानं झालेली होती. देवळात गेले तरी प्रदक्षिणा घालत नसत. "देव समोर शे, हात जोडात, झायं. मांगे जाईसन काय दखनं शे?" शिकवताना ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण देव, बायको आणि राग हे तीन विषय अहिराणीत.

यावर त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, कपाळाला हात लावून मला सांगत, "लगीनमा बी फेरा लेताना भटजीले इचारं यासनी, सरळ चालसूत तर चाली का म्हनीसन." भटजी काय म्हणाले ते अक्कांनी कधी सांगितलं नाही. लग्न झालं एवढं खरं.

आता अशा माणसाच्या हाती सेतुसमुद्रमचा विषय पडल्यावर काय होणार! भारत आणि लंका यांच्यामधला समुद्र उथळ. मोठं जहाज तिथून जात नाही. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला जायचं तर लंकेला पूर्ण वळसा घालावा लागतो. तिथला गाळ उपसून जहाजांसाठी सरळ कालवा काढायचा, ही कल्पना फार जुनी. कधी काम सुरू होई, कधी बंद पडे, कधी कोर्टात जाई, आणि मधूनमधून पेपरात पुन्हा डोकं वर काढी. एक बाजू म्हणे इंधन वाचेल, व्यापार वाढेल. दुसरी म्हणे काही वाचत नाही, कालव्यात जहाज हळू हाकावं लागेल आणि गाळ पुन्हा येऊन बसेल. कोणी पोवळ्यांची काळजी करी, मच्छीमार पोटाची करत. आणि भाविक सांगत की ती रामानं बांधलेली वाट आहे, तिला हात लावायचा नाही. देशभर चाललेलं हे भांडण धुळ्यापर्यंत येण्याचं काही कारण नव्हतं. आमच्या पांझरा नदीला पावसाळा सोडला तर होडीएवढं पाणी नसतं. पण नाना होते.

नाना अर्थातच कालव्याच्या बाजूचे. संध्याकाळी नळ आला की ते कन्याकुमारीपाशी उकिडवे बसत, शेंगांची टरफलं पाण्यात सोडत आणि ती लंकेला वळसा घालताना हळहळत. "बघा, गेलं बिचारं. किती डिझेल गेलं असेल!" टरफल मध्येच गोल फिरून मोरीत जाई. तेही नुकसान ते देशाच्या नावावर मांडत.

टरफलं सरळ जात नसत, कारण भारत आणि लंका यांच्यामध्ये दगडगोट्यांची एक ओळ होती. ती कुठून आली यावर घरात दोन मतं होती. नानांचं म्हणणं, नकाशा करताना उरलेली खडी तिथे साचली, म्हणजे रचना नैसर्गिक. अक्का म्हणत, "ह्या गोटा मी ठेयात. धुनं धुताना मना पाय भिजेत म्हनीसन. मंग रामनवमीले मी त्यासले कुकू लायं. आते त्या मना नहीत, रामना शेत." मोठ्या कोर्टातही फार काही वेगळं चाललं नसावं, असं मला तेव्हा वाटे.

तिसरा पक्ष पर्यावरणाचा, म्हणजे मी. गोट्यांमुळे अडलेल्या पाण्यावर लंकेच्या बाजूला अळूची दाट झुडपं माजली होती आणि त्यात एक बेडूक राहत होता. कालवा काढला असता तर पाणी थेट गटारात गेलं असतं आणि अळू वाळलं असतं. बेडकाविषयी मी फार कळकळीनं बोलत असे. खरं सांगायचं तर माझा जीव अक्कांच्या अळूवड्यांत होता. नानांना ते माहीत असावं, कारण माझ्या प्रत्येक भाषणानंतर ते म्हणत, "पर्यावरणवाद्यांना वडी वाढा."

एकदा मात्र मी खरंच चिडलो. म्हटलं, "नाना, आमच्याकडे बंदरासाठी गाळ उपसला तेव्हा तो गाळ नेऊन टाकला कुठे, तर जिथे माझा काका जाळं टाकायचा तिथे. दोन हंगाम त्याच्या जाळ्यात चिखल आला. तुमच्या टरफलाला काका नसतो." दुसऱ्या दिवशी नानांनी खडूनं लंकेजवळ एक लहानशी होडी काढली आणि टरफलं सोडताना ते ती होडी चुकवू लागले. एवढी माघार त्यांनी त्या काळात दुसऱ्या कोणाहीपुढे घेतली नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी उजी. उज्ज्वला. नानांच्या नाकाचा शेंडा आणि अक्कांचा शहाणपणा घेऊन आलेली. लहानपणापासून ती या नकाशावर खेळली होती. लंगडी घालताना मध्य प्रदेश ही तिची विसाव्याची जागा. त्या वर्षी हिवाळ्यात तिचं लग्न धरणगावला झालं. नवरा शिक्षक, सासरे कापसाचे बडे शेतकरी आणि गावातल्या राममंदिराचे पंच. त्यांना सगळे आबा म्हणत. माणूस दिलदार, बोलायला मोकळा, आणि हट्टाच्या बाबतीत नानांचा सख्खा भाऊ शोभेल असा. लग्नानंतर दोन्ही घरांचा मिळून, मला धरून, फोनवर एक ग्रुप झाला. आबा त्यावर रोज पहाटे श्रीरामाचं चित्र टाकत आणि नाना त्याखाली त्या दिवशीचं हवामान.

पुढे काही दिवसांनी आबा बाजाराच्या कामानं धुळ्याला आले. व्याही पहिल्यांदाच घरी जेवायला येणार, म्हणून अक्कांनी भरिताचा बेत केला. अंगणात तुराट्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या भाजल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या. केळीची पानं मांडली ती नेमकी बंगालच्या उपसागराच्या काठाला. आबा दोन घास जेवले, तोंडभरून वाखाणणी केली, आणि मग त्यांची नजर कुंकू लावलेल्या गोट्यांवर गेली. "हाई काय शे?"

अक्का म्हणाल्या, "रामना सेतू." आबांनी बसल्या जागी हात जोडले.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण पाहुणा आणि नकाशा एकत्र आले की नानांना राहवत नसे. ते हात धुऊन उठले, शेंगांची टरफलं आणली आणि आर्थिक बाजू समजावून सांगू लागले. जहाज असं अडतं, असं वळतं, इतकं इंधन खातं. "आणि मधला अडथळा काढला की पाहा कसं सरळ जातं!" असं म्हणून त्यांनी गोटे एकेक करून बाजूला काढले. शेवटचा गोटा सिमेंटात रुतला होता. नानांनी हातोडी घेतली. अक्का "अहो, अहो" म्हणेपर्यंत गोट्याचे दोन तुकडे झाले. त्याच्यावर कुंकू होतं.

टरफल सरळ गेलं, हे मी पाहिलं. ते फार डौलात गेलं. नाना हसून वर बघतात तो आबा पानावरून उठलेले.

"बस याही. जेवन झायं मनं."

पानात भरीत तसंच होतं. भरीत टाकून उठलेला माणूस मी खानदेशात त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. ते हात धुवायला लंकेकडे गेले नाहीत. फाटकाबाहेरच्या सार्वजनिक नळावर गेले, तिथूनच अक्कांना नमस्कार केला आणि रिक्षात बसले. संध्याकाळी ग्रुपवर ओळ आली, की आबांनी ग्रुप सोडला आहे. त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरातले एकेक जण गेले. उरलो आम्ही तिघं आणि उजी.

"आर्थिक मुद्द्याला उत्तर नव्हतं त्यांच्याकडे, म्हणून उठले," नाना म्हणाले. त्या रात्री उरलेलं भरीत कोणी खाल्लं नाही.

आता खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं, की या मुलखात दिवाळीपेक्षा मोठा सण म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीया. लग्न झालेली प्रत्येक मुलगी आखाजीला माहेरी येते, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पहिली आखाजी तर कोणी चुकवतच नाही. पण मुलगी आपली आपण येत नाही. माहेरून तिला आणायला कोणीतरी जावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुधा भाऊ जातो. उजीला भाऊ नव्हता.

चैत्र लागला तसा अक्कांचा जीव वरखाली होऊ लागला. धरणगावहून आबांचा निरोप आला होता, की ज्या घरात रामाचा सेतू फुटला, त्या घरी आमची सून जाणार नाही. नानांनी तो निरोप ऐकून घेतला आणि पेपर पुढे धरला. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते. "येई ती," एवढंच म्हणाले. आणि त्याच दिवशी त्यांनी परसातल्या निंबाला झोका बांधला. सण अजून लांब होता. रोज सकाळी उठून ते दोर ओढून बघत, गाठी तपासत, आणि कोणी पाहत नाहीसं वाटलं की स्वतः पाटीवर बसून दोन झोके घेत. वरच्या खिडकीतून मला ते दिसे. पायजम्यातले, चष्मा सावरत, गंभीर चेहऱ्यानं पुढंमागं होणारे नाना. दोर वजन पेलतो का, याची ती शास्त्रीय तपासणी होती, असं मला हटकल्यावर सांगण्यात आलं.

उजी फोनवर मला म्हणाली, "दादा, मी स्कूटीवर गावभर फिरते. एसटीत बसून धुळ्याला यायला मला काय धाड भरलीये? पण मी अशी आले तर इकडे म्हणतील पळून गेली, आणि तिकडे नाना म्हणतील मी जिंकलो. दोघांच्या समुद्रात माझी आखाजी बुडायला आलीये." हे ती हसत म्हणाली, पण माझं उत्तर न ऐकताच तिनं फोन ठेवला.

अक्कांनी मला मुऱ्हाळी म्हणून पाठवायचं ठरवलं. कोकणी मुऱ्हाळी धरणगावात पहिलाच असावा. आबांनी मला पाटावर बसवलं, शेव-चिवडा दिला, चहा दिला, माझ्या आईवडिलांची चौकशी केली. आणि मग म्हणाले, "तुम्ही कोकनना. समुद्र तुमना घरना. तुम्हीच सांगा, तो पूल रामनी बांधा का नही?"

मी अंग चोरून म्हटलं, "आबा, मी पाहिलाय तो पश्चिमेचा समुद्र. तो पूल त्या बाजूला."

"म्हंजे तुम्ही साक्षीदार नहीत."

"नाही."

"बरं," आबा म्हणाले. "दखा भाऊ, सरकारनी कालवा खनाना का नही, ते सरकार दखी. माले त्यामधलं काय समजस? पन माणूस हात जोडी राह्यना आनि दुसरा हासत हातोडी मारस, हाई माले समजस. पूल यासनी फोडा, यासनीच बांधाले जोयजे. मंग मूळ धाडा, पोरले लेवाले. मी पोरले आडावाव नही."

उजी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदराशी चाळा करत आत निघून गेली. मला आबांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

मी रिकामा परत आलो. निरोप सांगितला. नाना म्हणाले, "म्हणजे त्यांना प्रकल्प रद्द हवा आहे. दबावाखाली प्रकल्प रद्द होत नसतात." अक्का स्टूल घेऊन परसात गेल्या, वर चढल्या आणि झोक्याच्या गाठी सोडू लागल्या.

नाना धावत गेले. "काय करी राह्यनी तू?"

"पोर येवाव नही. मंग झोका कोनासाठे? तुमना जहाजसाठे?"

दोर खाली पडला. अक्कांनी त्याची गुंडाळी केली आणि ती नानांच्या हातात देऊन त्या चुलीकडे गेल्या. नाना ती गुंडाळी छातीशी धरून निंबाखाली उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. एवढी मोठी जहाजं कुठल्या कुठे नेणारा माणूस, आणि एक मुलगी घरी आणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोक्याचं करकरणं ऐकू आलं नाही. त्याऐवजी छिन्नीचा आवाज आला. खाली गेलो तर नाना तामिळनाडूत बसले होते. शेजारी पिशवीत पांझरेच्या पात्रातून आणलेले नवे गोटे. आणि स्वतःच्या हातानं घातलेल्या त्या सिमेंटच्या भारतात ते रामेश्वराच्या वरच्या अंगाला चर खोदत होते. चष्म्यावर सिमेंटची धूळ, कपाळावर घाम.

"नाना, हे काय?"

"पर्यायी मार्ग," ते मान वर न करता म्हणाले. "सेतूला हात लावायचा नाही. कालवा जमिनीतून."

"पण देश फुटतोय तुमचा."

"फुटू द्या थोडा."

नकाशाला खरंच तडा गेला, थेट मदुराईच्या वरपर्यंत. नानांनी एकेक गोटा धुतला आणि ओळीनं बसवला, पूर्वीपेक्षा नीट. फुटलेल्या गोट्याचे दोन्ही तुकडे अक्कांनी तुळशीत जपून ठेवले होते. ते मागून घेऊन त्यांनी मधोमध जोडून लावले. मग अक्कांना हाक मारली. त्यांनी कुंकू लावलं. नाना शेजारी उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळलेले, आणि शेवटी त्यांनी ते जोडले.

पाण्याचा एक फाटा चरातून गेला, दुसरा गोट्यांपाशी अडून अळूला मिळत राहिला. बेडूक जागेवरच होता. देशात कोणाला जमलं नाही ते आमच्या अंगणात जमलं, असं मी म्हणालो, तर नाना म्हणाले, "खर्च जास्त आहे याला."

त्यांनी मला आबांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोन त्यांनी स्वतःच धरला, त्यामुळे आबांना पहिली काही मिनिटं नानांचा कान दिसला असणार. मग लंका दिसली, गोटे दिसले.

"तो डावा गोटा मांगे शे," आबांचा आवाज आला. "जरासा पुढे ल्या."

नाना कोणाच्या सांगण्यावरून नकाशातली काडी हलवत नसत. त्यांनी खाली बसून गोटा पुढे सरकवला.

"आते?"

"आते बरं शे. आनि त्या जमीनमा काय खोदी ठेयं?"

"कालवा."

"चालस," आबा म्हणाले. "जमीन तुमनी शे." आणि मग, आवाज जरा खाली आणून, "याही, उजीनी बॅग तिनी सासूनी कालदिनच भरी ठेयेल शे. मूळ धाडा."

फोन बंद झाल्यावर नाना मला शुद्ध मराठीत म्हणाले, "नोंद घ्या. प्रकल्प रद्द झालेला नाही. मार्ग बदललेला आहे." आणि वळून नाक पुसलं. सिमेंटची धूळ होती, असं त्यांचं म्हणणं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी उजीला घेऊन आलो. हिमालय ओलांडताना ती थबकली आणि तिची नजर खाली दक्षिणेला गेली. "नाना! तामिळनाडू फोडलं तुम्ही?"

"विकासाला काहीतरी द्यावं लागतं," नाना म्हणाले आणि तिच्या हातातली बॅग घ्यायला पुढे झाले. ती बॅग मी धरली होती. तरीही त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

ते चार दिवस घरात नुसता कल्ला होता. अक्कांनी खापरावर मांडे केले, आमरस केला, गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आमच्या परसात जमल्या. झोका अक्कांनी स्वतः बांधला होता. उजी इतकी उंच जायची की निंबाची पानं तोंडात धरून यायची. नाना ओट्यावर बसून पेपर वाचायचे. त्यात सेतुसमुद्रमची बातमी होती एक दिवस, बऱ्यापैकी मोठी. मी दाखवली. "ठेवा," ते म्हणाले. त्यांना ती तेव्हा वाचायची नव्हती.

मग परत जायचा दिवस आला. पोहोचवायला मी जातो म्हटलं, तर नाना म्हणाले, मी जाणार. पायात नवी चप्पल, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात अक्कांनी भरलेला पापड-कुरडयांचा डबा. सामान होतं म्हणून मीही रिक्षात बसलो. रिक्षा बसस्थानकाकडे वळायच्या ऐवजी नानांनी ती रेल्वे स्टेशनला घ्यायला सांगितली.

धुळ्याहून धरणगाव म्हणजे अमळनेरवरून सरळ एसटी. जेवणाच्या वेळेपर्यंत माणूस घरी पोचतो. नानांनी खिडकीतून चाळीसगावची दोन तिकिटं काढली. चाळीसगावला उतरायचं, मुंबईहून येणारी गाडी धरून जळगावला जायचं, तिथून सुरतेकडची गाडी पकडून धरणगाव. सगळा जिल्हा पायाखालून घालायचा. उजीनं तिकिटांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

माझ्यानं राहवलं नाही. "नाना, अहो केवढा वळसा हा!"

"माले भूगोल शिकाडू नको," नाना म्हणाले.

तेवढ्यात चाळीसगावची गाडी उशिरानं धावत असल्याचं सांगण्यात आलं. फलाटावरची माणसं कुरकुर करू लागली. नानांनी डबा बाकावर ठेवला, चहावाल्याला दोन चहा सांगितले आणि उजीला शेजारी जागा करून देत म्हणाले, "बस, निवांत बस."